बेने इस्राएल समाजाचे संशोधन : एक भाषिक उणीव

एखाद्या अल्पसंख्य समाजाविषयी विपुल लेखन झाले म्हणजे तो समाज आकलनाच्या कक्षेत आला, असे नव्हे. त्या लेखनातील मूळ प्रश्न कोणी उपस्थित केला, हेही पाहणे अगत्याचे ठरते. कुलाबा जिल्ह्यातील गावांतून मुंबईस आणि १९४८ नंतर बहुसंख्येने इस्राएलमध्ये गेलेल्या मराठीभाषी बेने इस्राएल समाजाचा अभ्यास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. पुढे शिफ्रा स्ट्रिझोवर (१९७१), बेंजामिन इस्राएल (१९८४), शर्ली इझेनबर्ग (१९८८) व जोन रोलंड (१९८९) यांचे ग्रंथ आले. लोद येथील बेने इस्राएलांविषयी शाल्वा वाइल यांनी १९७७ मध्ये ससेक्स विद्यापीठात प्रबंध सिद्ध केला. या परंपरेचे ऋण मोठे आहे. तथापि तिचा ओघ मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरतो : या समाजाचे मूळ कोणते, आणि त्याची पृथक् अस्मिता कशी टिकली?

यांपैकी पहिला प्रश्न निव्वळ जिज्ञासेतून उद्भवलेला नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत इस्राएलमधील धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहप्रसंगी त्यांच्या पूर्वजांची चौकशी आवश्यक मानली. त्याविरुद्ध समाजाने आंदोलन केले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेस या प्रकरणी लक्ष घालावे लागले. ज्यांच्या विवाहावरच आक्षेप घेतला गेला, त्यांनी वंशाचा पुरावा शोधावा हे स्वाभाविक होते. परंतु आक्षेपकाचा प्रश्न हाच संशोधकाचाही प्रश्न व्हावा काय? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकशास्त्रीय अभ्यासात यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या. साधने नवी असली तरी पृच्छा जुनीच होती.

या चौकटीत मराठीच्या वाट्याला केवळ साक्षीदाराची भूमिका येते. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण ही या समाजातील सणांची जुनी नावे. सणांच्या या परंपरेत हनुक्का नव्हता, यावरून पूर्वजांच्या आगमनाचा काळ ठरविण्याचा प्रयत्न झाला. पण हिब्रू पंचांगातील पर्वांस कोकणातील पाकक्रियेची नावे मिळतात, ही घटना भाषाशास्त्राच्या दृष्टीने स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. मलिद्याच्या विधीचेही तसेच : गीत हिब्रू, विधीचे नाव फारसी वळणाचे, घरातील संभाषण मराठी. वंशवृक्षात न सापडणारा शेजार येथे शब्दांत जतन झाला आहे. ‘यहुदी-मराठी’ ही संज्ञाही यिद्दिशच्या साम्यावरून सहज योजिली जाते. तथापि यिद्दिश हिब्रू लिपीत लिहिली जाते, तर १८७४ मध्ये पुण्यास छापलेल्या हग्गादामधील मराठी देवनागरीत आहे. हा भेद गौण नव्हे.

पर्यायी दृष्टी कशी असू शकते, याचे गमक जपानमधील कोरियन अल्पसंख्याकांच्या अभ्यासात सापडते. १९१० मध्ये जपानने कोरिया खालसा केल्यानंतर तेथे गेलेल्या लोकांचे व त्यांच्या वंशजांचे जपानी नागरिकत्व १९५२ मध्ये संपुष्टात आले. त्यामुळे तेथेही कायद्याने निर्माण केलेला ‘हे कोण?’ हा प्रश्न संशोधनावर दीर्घकाळ छाया धरून होता. सोनिया रयांग यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात मात्र उत्तर कोरियाशी निष्ठा राखणाऱ्या संघटनेच्या शाळांतील भाषाव्यवहार तपासला. शाळेत ठरीव साच्याची कोरियन आणि शाळेबाहेर जपानी, असा विभाग तेथील मुले कसा करतात, हे त्यांनी दाखविले. अस्मिता ही रक्तात शोधावयाची वस्तू नसून भाषेच्या नित्य वापरात घडणारी क्रिया आहे, हे त्यातून प्रत्ययास येते.

बेने इस्राएलांच्या मराठीविषयी असा अभ्यास होणे निकडीचे आहे. नातेवाचक शब्द, स्वयंपाकघर आणि प्रार्थना यांपैकी मराठी कोठे प्रथम मागे सरली व कोठे रेंगाळली? ‘मायबोली’ या इस्राएलमधील मराठी नियतकालिकाची भाषा घरातील बोलीहून किती भिन्न आहे? महाराष्ट्रात जन्मून तेथे गेलेली पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि नातवंडांची व्यवहारभाषा हिब्रू आहे. वंशाचा पुरावा प्रयोगशाळेत आणखी शतकभराने तपासता येईल. बोलीचा पुरावा बोलणाऱ्याबरोबरच नाहीसा होतो. हे काम मराठी जाणणाऱ्या अभ्यासकावाचून होणारे नाही, आणि म्हणूनच त्याचे उत्तरदायित्व महाराष्ट्रातील भाषाविभागांकडे प्रथम येते.