पवनीचा दरवाजा आणि पवनीचा स्तूप

भंडारा जिल्ह्यांत पाहण्याजोगें काय, असें विचारल्यास पुष्कळ लोक वैनगंगाकांठच्या पवनीचा कोट व दरवाजा यांचें नांव घेतात. दरवाजा देखणा आहे खरा. परंतु तेवढ्यावर पवनीची थोरवी ठरविणें म्हणजे उंबरठा पाहून घराची पारख करणें होय. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हां सांचीच्या तोडीचा विटांचा स्तूप उजेडांत आला. देव व जोशी या विद्वानांनीं त्याचा इंग्रजी वृत्तांत १९७२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील मोजमापांविषयीं आमची तक्रार नाहीं. तीं चोखच आहेत. पण आमचें मन गुंतलें तें कठड्याच्या दगडांवरील ब्राह्मी लेखांत. दरवाजा कोणा सत्ताधीशानें उभारविला असेल. हे दगड मात्र निरनिराळ्या दात्यांनीं आपापल्या नांवानें अर्पिलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वींचीं हीं नांवें विद्वानांच्या टिपणांतच कां राहावींत? तीं देवनागरींत खोदून टेकडीच्या पायथ्याशींच लावावींत, म्हणजे दरवाजावरून परतणारीं मुलेंही तीं वाचूं शकतील.