न पुसता येणारा फळा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेले. तेव्हा दुसरा मार्ग फारसा नव्हता, हे आपण मान्य करू. पण पुढे शाळा उघडल्या, तरी अनेक ठिकाणी ग्रुप राहिले. गृहपाठ तिथे, उत्तरांचे फोटो तिथे, शाबासकीचा अंगठाही तिथेच.

यावर आपण टीका करतो ती डोळ्यांवरून, वाया जाणाऱ्या वेळेवरून. ती रास्तच आहे. पण आम्हाला खरं नुकसान वेगळं वाटतं.

बघा, फळ्यावर मुलाचं गणित चुकलं तर बाई डस्टर फिरवतात. चूक तिथेच संपते. ग्रुपवर तीच चूक चाळीस घरांत जाते. मागाहून डिलीट केली, तरी कुणाच्या तरी फोनमध्ये स्क्रीनशॉट उरू शकतो. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसची लिखित शब्दाविषयी हीच तक्रार आहे : तो कुणाच्याही हाती पडतो आणि स्वतःची बाजू मांडू शकत नाही. मुलाच्या चुकीचंही तेच होतं.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. उत्तम. पण आईवडिलांच्या संमतीनं मुलाचं हसं व्हायचं थांबतं का?

म्हणून ग्रुप सूचनांपुरता असावा : सहल, परीक्षा, सुट्टी. उत्तरं वहीत आणि वर्गात. चुकायला घाबरणारं मूल प्रश्न विचारायचंही सोडून देतं. मग आपण शिकवायचं कुणाला?