संस्कृती आणि उद्योजकता : सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्याच्या संदर्भात

'मराठी माणसाच्या रक्तात व्यापार नाही' हे विधान उद्योजकताविषयक चर्चेत वारंवार केले जाते. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी परिसराने ते खोटे ठरविले आहे. तेथील अवर्षणग्रस्त शेतकरी कुटुंबांनी सोने-चांदी गाळण्याचा गलाई व्यवसाय देशभरातील शहरांत नेला. भांडवलाची उणीव नात्यागोत्याने भरून काढली. गावाकडचा मुलगा नातेवाइकाच्या दुकानात काम शिकतो आणि पुढे स्वतःचे दुकान थाटतो. येथे भावकी हीच पतपेढी व प्रशिक्षणशाळा ठरते.

परंतु या यशाचा केवळ गौरव करणे अपुरे आहे. नात्यावर उभा राहिलेला विश्वास नात्याबाहेरच्यांना आणि स्त्रियांना सहजासहजी सामावून घेत नाही. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. त्या अक्षरे शिकून पुन्हा गेल्या. म्हणजेच परंपरेने जेथे दार उघडले नाही, तेथे संस्था उभारावी लागली. संस्कृती उद्योजकता घडविते, तशी तिला कुंपणही घालते; अभ्यासकाने या दोन्हींची नोंद घेणे आवश्यक ठरते.