सर्कशीतील शरीर आणि शब्द : अँजेला कार्टरची कादंबरी

अँजेला कार्टर (1940–1992) या इंग्रज लेखिकेची 'नाइट्स ॲट द सर्कस' ही कादंबरी 1984 मध्ये प्रसिद्ध झाली व तिला जेम्स टेट ब्लॅक स्मृतिपुरस्कार मिळाला. मिखाईल बाख्तीनच्या राबलेविषयक ग्रंथातील कार्निव्हलची संकल्पना लावून तिचे अर्थनिर्णयन करण्याची प्रथा समीक्षेत रूढ झाली आहे. उच्चनीचतेचा क्रम उलटणारा, हास्याने सत्तेला नमवणारा लोकोत्सव म्हणजे या कादंबरीतील सर्कस, असे हे वाचन सांगते. ते निराधार नाही; मात्र अपुरे आहे. कार्निव्हलमध्ये प्रेक्षक आणि कलावंत असा भेद नसतो, अशी बाख्तीनची मांडणी आहे. सर्कशीचा तर पायाच हा भेद आहे. तेथे तिकीट आहे, करारनामा आहे, मालक आहे. कार्टरची सर्कस हा प्रथमतः एक धंदा आहे, हे विसरले की कादंबरीतील संघर्षच दृष्टीआड होतो.

या जाणिवेची मुळे लेखिकेच्या आयुष्यात दिसतात. कार्टरचे वडील पत्रकार होते आणि क्रॉयडनच्या एका वृत्तपत्रात तिनेही उमेदवारी केली होती. पुढे तिने ब्रिस्टल विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा, विशेषतः मध्ययुगीन वाङ्मयाचा अभ्यास केला. सॉमरसेट मॉम पुरस्काराच्या रकमेतून ती 1969 मध्ये जपानला गेली. टोकियोतील एका बारमध्ये तिने काही काळ नोकरी केली. पुरुषांच्या नजरेसाठी स्त्रीने एक रूप धारण करणे, हेही श्रमच आहेत, हा अनुभव तिने नंतर लेखातूनही नोंदवला. 1972 च्या 'द इन्फर्नल डिझायर मशीन्स ऑफ डॉक्टर हॉफमन' या कादंबरीत फिरत्या खेळवाल्यांचे जग येते, पण ते स्वप्नचित्रासारखे. 1979 मध्ये 'द सेडियन वुमन' हा वैचारिक ग्रंथ आणि 'द ब्लडी चेंबर' हा परीकथांच्या पुनर्कथनाचा संग्रह प्रसिद्ध झाला. मिथके ही माणसांना बंदिस्त करण्यासाठी रचलेली असत्ये आहेत, ही या दोहोंमागील भूमिका 'नाइट्स ॲट द सर्कस'मध्ये संविधानकाचे रूप घेते.

कादंबरीचा काळ 1899 हा, शतक उलटण्याच्या बेतात असलेला. नायिका फेव्हर्स ही पंख असलेली, धिप्पाड, खादाड झुलेवाली. आपण अंड्यातून जन्मलो, असे ती सांगते. लीडा आणि हंस या ग्रीक मिथकाला लेखिकेने येथे थेट लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आणून उभे केले आहे. मा नेल्सनच्या कुंटणखान्यात फेव्हर्स बालपणी मदनाचा आणि पुढे विजयदेवतेचा पुतळा म्हणून उभी राहते. मादाम श्रेकच्या संग्रहालयात ती विकृतीचा नमुना होते. रोझेनक्रॉइट्झ तिचा बळी देऊ पाहतो. पीटर्सबर्गचा ग्रँड ड्यूक तिला रत्नजडित खेळण्यात रूपांतरित करू पाहतो. मालक बदलतात, नजर बदलत नाही. कर्नल कर्नीची सर्कस हा याच मालिकेतील एक दुवा आहे.

मग फेव्हर्सचे वेगळेपण कशात? सर्कशीत कलावंताच्या वाट्याला शरीर येते; त्या शरीराविषयीचा शब्द, म्हणजे जाहिरात व दवंडी, मालकाच्या हाती राहतो. फेव्हर्स हा शब्द आपल्याकडे खेचते. ती खरी की बनावट, हा प्रश्न तीच बाजारात सोडते आणि त्यावर पोट भरते. पहिल्या भागात अमेरिकन पत्रकार जॅक वॉल्सर तिचे बिंग फोडण्यासाठी येतो, परंतु कथनाची सूत्रे फेव्हर्स आणि तिची पालनकर्ती लिझी यांच्या हाती राहतात. त्या रात्री बिग बेन पुन्हापुन्हा बाराचेच ठोके देते; जणू काळही या दोघींचा गुलाम झाला आहे. पुढे वॉल्सर विदूषक होतो, सैबेरियात स्मृती गमावतो. प्रश्न विचारणाराच तमाशाचा विषय होतो.

शब्दाची ही वाटणी गौण पात्रांतूनही मांडली आहे. शिकवलेल्या वानरांचा म्होरक्या मालकाशी कराराची नवी बोलणी करतो आणि सर्कस सोडून जातो. तोंडच नसलेला तूसाँ शस्त्रक्रियेनंतर वक्ता होतो. मार खात जगलेल्या मिन्याँला गाण्यातून स्वत्व सापडते. विदूषकांचा नायक बफो मात्र रंगवलेल्या चेहऱ्यातच हरवतो. त्याचे वेड पाहून प्रेक्षक हसतात, कारण ते त्याला खेळच समजतात. कार्निव्हलच्या हास्यावरील याहून कठोर भाष्य आधुनिक कादंबरीत क्वचितच आढळेल. येथे हास्य मुक्त करीत नाही, ते माणसाला गिळते. म्हणून या कादंबरीसाठी बाख्तीनच्या कार्निव्हलपेक्षा त्याचीच बहुस्वरतेची संकल्पना अधिक उपयुक्त ठरते. तिसऱ्या भागात फेव्हर्सचे प्रथमपुरुषी निवेदन तृतीयपुरुषी निवेदनात मध्येच शिरते, ही रचनेची बाब त्याच दिशेने निर्देश करते.

ही कसोटी लावली की कादंबरीची मर्यादाही स्पष्ट होते. सैबेरियातील शमन व त्याची जमात यांना इतिहासाबाहेरचे, स्वप्न आणि वास्तव यांत भेद न करणारे लोक म्हणून रंगवले आहे. त्यांच्याविषयी निवेदक बोलतो. स्वतःची कथा सांगण्याचा अधिकार त्यांना मिळत नाही. वानराला करार करता येतो, पण या जमातीला तशी संधी नाही. वसाहतवादी नजरेची थट्टा करणारी लेखिका येथे त्या नजरेच्या अगदी जवळ जाऊन उभी राहते. त्यांचे चित्रण हाही उपरोधच आहे, असा बचाव होऊ शकतो. तथापि उपरोधाला उलट उत्तर देणारा आवाजच संहितेत नसेल, तर तो एकतर्फी राहतो.

तरीही कादंबरीचे मोल उणावत नाही. सैबेरियात पंख मोडलेल्या, केसांचा व पिसांचा रंग विटलेल्या फेव्हर्सला पाहणाऱ्याच्या नजरेवाचून आपण कोण, हा प्रश्न पडतो. कार्टर त्याचे सोपे उत्तर देत नाही. नजरेपासून सुटका नाही. मात्र त्या नजरेला काय दिसावे, हे ठरवण्याचा हक्क झगडून मिळवता येतो. अखेरीचे फेव्हर्सचे जगभर पसरणारे हसू वॉल्सरला फसवल्याच्या आनंदातून फुटते. कादंबरीतील हे एकच हास्य असे आहे, ज्याचे तिकीट कोणी विकलेले नाही.