ताडपत्रावरची प्रज्ञापारमिता

तीन बोटे उंच आणि हातभर लांब असे ताडाचे एक पान. दोरा ओवण्यासाठी दोन भोके, काळ्या शाईच्या दाट ओळी, आणि त्या ओळी थांबवून मध्येच सोडलेला काडेपेटीएवढा चौकोन. त्या चौकोनात लोकनाथ, म्हणजे अवलोकितेश्वर, उभा आहे. तो कोणत्या ठिकाणचा, हे शेजारी बारीक अक्षरात लिहिले आहे. ही पोथी इसवी सन 1015 मध्ये नेपाळातल्या ह्लाम नावाच्या विहारात सुजातभद्र नावाच्या लेखकाने उतरवून काढली. आज ती केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिच्या ऐंशीहून अधिक चित्रांत महाचीनचा मंजुघोष (मंजुश्री) आहे, यवद्वीपाचा, म्हणजे जावाचा, दीपंकर बुद्ध आहे, सिंहलद्वीप, म्हणजे श्रीलंका, आहे आणि आपले कोकणही आहे. हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध जगाचा नकाशाच ओंजळीत मावावा, असे हे पुस्तक आहे.

पोथीचा ग्रंथ ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’, म्हणजे आठ हजार श्लोकांएवढ्या लांबीचा, महायान परंपरेतला आद्य प्रज्ञाग्रंथ. अकराव्या-बाराव्या शतकांत बिहार, बंगाल आणि नेपाळ इथे जेवढ्या सचित्र बौद्ध पोथ्या तयार झाल्या, त्यांत सर्वाधिक याच ग्रंथाच्या आहेत. पाल राजा महीपालाच्या कारकिर्दीच्या सहाव्या वर्षी नालंदेत लिहिलेली प्रत कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. रामपालाच्या पंधराव्या वर्षीची, नालंदेचीच प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतही या ग्रंथाची एक सचित्र पोथी आहे.

पहिल्यांदाच या पोथ्या पाहणारा गोंधळतो, कारण चित्रे आणि मजकूर यांचा मेळ बसत नाही. मजकुरात सुभूती व शारिपुत्र हे शिष्य आणि बुद्ध यांचा शून्यतेवरचा संवाद चाललेला असतो. चित्रांत मात्र लुंबिनीतला जन्म, बोधगयेची संबोधी, सारनाथचे पहिले प्रवचन, श्रावस्तीचा चमत्कार, सांकाश्यला स्वर्गातून उतरणे, राजगृहात नालागिरी हत्तीला शांत करणे, वैशालीच्या माकडाने दिलेला मध आणि कुशीनगरचे महापरिनिर्वाण असे आठ प्रसंग येतात. जोडीला तारा, मंजुश्री, अवलोकितेश्वर आणि पिवळ्या कांतीची प्रज्ञापारमिता देवी.

बरेच अभ्यासक यावरून असे म्हणत आले की चित्रे ही केवळ सजावट, मजकुराशी त्यांना देणेघेणे नाही. मला हे मत पटत नाही. त्यासाठी ग्रंथ काय सांगतो तेच पाहावे. बुद्धाच्या अस्थिधातूंनी भरलेले अख्खे जंबुद्वीप आणि लिहिलेली प्रज्ञापारमिता, यांतले काय घेशील, असा प्रश्न त्यात शक्राला, म्हणजे इंद्राला, विचारला जातो. शक्र ग्रंथ निवडतो. धातूंना मान मिळतो तो प्रज्ञेमुळे, त्यामुळे मूळ धरलेले बरे, असे त्याचे उत्तर. ग्रंथाला स्तूपापेक्षा वरचे स्थान देणारी ही शिकवण मनात ठेवून पाने पाहिली की कोडे सुटते. स्तूपाभोवती बुद्धचरित्राची शिल्पे असावीत तशी मजकुराभोवती ही चित्रे आहेत. यात्रेकरू आठ महास्थाने पायी फिरतो, वाचक त्याच स्थानांवर पाने उलटत फिरतो. ही पोथी वाचायची होती, तशीच पुजायचीही होती. पोथ्या ज्यांच्यामध्ये बांधतात त्या कित्येक लाकडी फळ्यांवर चंदन आणि कुंकवाचे थर आजही चिकटलेले आहेत.

चित्रकला म्हणून या पानांकडे पाहताना अजिंठा आठवणे अपरिहार्य आहे. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या भिंतींवर जी रेषा देहाला गोलाई देत वळते, ती पाचशे वर्षांनंतर दोन इंचांत उतरली आहे. हरताळाचा पिवळा, नीळ, हिंगुळाचा लाल, पांढरा आणि काळा एवढ्यावर सारे भागवलेले. तिबेटी इतिहासकार तारनाथाने धीमान आणि बित्पाल या पाल काळातल्या कलावंतांची नावे नोंदवली आहेत. पानांवर मात्र चित्रकाराची सही नसते. या कलेची मर्यादाही सांगायला हवी. अजिंठ्यातला जातककथांचा गजबजाट, राजवाडे, बाजार, विरहिणी, हे इथे नाही. माकडाच्या मधाची गोष्ट एका भिक्षापात्रावर येऊन थांबते. आकृती ठरलेल्या, मुद्रा ठरलेल्या, रंगही ठरलेले. नाट्य शोधणारा प्रेक्षक निराश होईल. पण ही आठवणीची चित्रे आहेत. ज्याला कथा ठाऊक आहे त्याच्यासाठी एक हत्ती पुरतो. बाराव्या शतकात रेषा टोकदार होत जाते, पण उत्तम पानांवरचा तोल शेवटपर्यंत ढळत नाही.

मग या कलेच्या अभ्यासाची आज काय अवस्था आहे? आल्फ्रेड फुशे यांनी 1900 मध्ये केंब्रिज आणि कोलकात्याच्या पोथ्यांवरून बौद्ध मूर्तिशास्त्राचा पाया घातला. सरसीकुमार सरस्वती यांनी 1978 मध्ये बंगालीत ‘पालयुगेर चित्रकला’ लिहिले. जिना किम यांच्या 2013 च्या ग्रंथाने पोथीला पूजावस्तू म्हणून समग्र पाहिले, आणि माझ्या मते तिथे या विषयाने खरे वळण घेतले. मूळ संस्कृत ग्रंथ हरिभद्राच्या टीकेसह 1960 मध्ये दरभंग्याहून प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक होते आपले परशुराम लक्ष्मण वैद्य, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे.

अभ्यास पुढे गेला, पण पोथ्यांचे तुकडे झाले. विसाव्या शतकात चित्रांची पाने सुटी करून विकली गेली आणि मजकुराची पाने मागे पडली. एकाच पोथीची पाने आज निरनिराळ्या देशांत आहेत. संग्रहालयाच्या काचेआड एक पान उजेडात दिसते, खाली ‘पाल लघुचित्र’ अशी चिठ्ठी असते. दुसरीकडे शून्यतेवरच्या लोकप्रिय पुस्तकांत चार सुभाषिते असतात, चित्र एकही नसते. चित्र पाहणारा वाचत नाही आणि वाचणारा पाहत नाही, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी उणीव आहे.

तिची भरपाई करणारी एक जागा आहे, नेपाळातल्या पाटणचा हिरण्यवर्ण महाविहार. तिथे सोन्याच्या शाईने लिहिलेली ‘अष्टसाहस्रिका’ भाविक आजही वाचून घेतात. पोथी बाहेर येते, पाठकांमध्ये पाने वाटली जातात, सारे एकदम वाचू लागतात. आपल्याकडची पारायणे ज्यांनी पाहिली आहेत आणि वर्षावासात विहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. बाबासाहेबांचा मार्ग पोथीपूजेचा नाही, चिकित्सेचा आहे. तरी ग्रंथ मध्यभागी ठेवून माणसांनी एकत्र बसावे, ही रीत दोन्हीकडे आहे.

आजच्या वाचकाला या पोथ्यांतून काय घ्यायचे? ग्रंथ सांगतो की असंख्य जीवांना दुःखातून पार न्यावे आणि तरी आपण कुणाला पार नेले असे मानू नये. हे सांगणारा ग्रंथ लिहायला माणसांनी ताडाची पाने शिजवली, घासली, शाई घोटली आणि केसाएवढ्या रेषेने भुवया काढल्या. सगळे शून्य आहे म्हणून हलगर्जी चालेल, असे त्यांना वाटले नाही. आसक्ती सोडायची, निगा मात्र सोडायची नाही, ही शिकवण मला कुठल्याही टीकाग्रंथापेक्षा या पानांनी अधिक स्पष्ट दिली. ग्रंथाच्या अखेरीस सदाप्ररुदित या बोधिसत्त्वाची कथा येते. धर्मोद्गताकडून प्रज्ञा ऐकण्याच्या ओढीने तो रडत निघतो; गुरूला द्यायला हाती काही नाही म्हणून स्वतःचे शरीर विकायला काढतो. बोटाने फोनचा पडदा सरकवून दुसऱ्या मजकुराकडे जाणाऱ्या आपल्याला ही ओढ विचारात पाडते.

केंब्रिजच्याच त्या पोथीत 1139 सालची एक नोंद आहे. अश्रद्धांच्या हाती पडलेल्या प्रज्ञापारमितेला करुणवज्र नावाच्या एकाने सोडवून आणले, असे ती सांगते. आईला सोडवावे तसे पुस्तकाला सोडवून आणणारा वाचक होता, म्हणून ते आज आहे. हीच पोथी आता केंब्रिजच्या संकेतस्थळावर पानापानाने, मोफत पाहता येते. ती पाहावी, एक चित्र पाच मिनिटे तरी पाहावे. मग बोरिवलीहून कान्हेरीला जावे आणि नव्वद क्रमांकाच्या लेण्यात, संकटात सापडलेल्यांच्या हाकेला धावणारा दगडातला अवलोकितेश्वर पाहावा. ताडपत्रावरचा कोकणचा लोकनाथ ज्या श्रद्धेतून आला, ती श्रद्धा तिथे भिंतीवर आहे. आणि मराठी प्रकाशकांना एक विनंती: चित्रे आणि मजकूर समोरासमोर ठेवणारी ‘अष्टसाहस्रिका’ची एक चांगली मराठी आवृत्ती काढा. वैद्यांचे संस्कृत तयार आहे, चित्रे पाहायला खुली आहेत, आणि वाचकही आहेत.