बोलीचा गौरव आणि बोलीचा अधिकार

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. जळगाव येथे १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्यासाठी अशी किंमत मोजावी लागली नाही. तरीही दोन्ही नावांमागे एकच प्रश्न उभा आहे. प्रवेशद्वारावर ज्यांचे नाव आले, त्यांच्या समाजाची भाषा आणि अनुभव वर्गात ज्ञान म्हणून आले काय?

हा प्रश्न नेमका मांडण्यासाठी लॉस एंजेलिसचे उदाहरण उपयोगी पडते. मार्च १९६८ मध्ये त्या शहराच्या पूर्व भागातील हजारो मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी शाळांतून बाहेर पडले. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेली, स्वतःला अभिमानाने ‘चिकानो’ म्हणवून घेणारी ही पिढी द्विभाषिक शिक्षण मागत होती. अभ्यासक्रमात आपला इतिहास मागत होती. तिने इंग्रजी नाकारली नव्हती. इंग्रजीसाठी घरची भाषा टाकून देण्याची अट नाकारली होती. पुढे विद्यापीठांत चिकानो अभ्यासाचे विभाग निघाले. १९८७ साली ग्लोरिया अन्साल्दुआ यांनी ‘बॉर्डरलँड्स’ मध्ये स्पॅनिशमिश्रित इंग्रजीत केवळ कविता लिहिली नाही, तर सिद्धांतही मांडला. बोली विचाराचे साधन झाली, हे या चळवळीचे खरे फलित होय.

आपल्याकडे याच ठिकाणी समीक्षा अडते. बहिणाबाईंची कविता १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने आली. तेव्हापासून निरक्षरता आणि प्रतिभा यांचा उल्लेख आपण एका दमात करीत आलो आहोत. जणू शाळा लाभली नाही म्हणून कविता शुद्ध राहिली! १८८० च्या सुमारास आसोद्यात जन्मलेल्या शेतकऱ्याच्या मुलीला शाळा नाकारली जाणे हा सामाजिक अन्याय होता. आपल्या समीक्षेने त्याचे सौंदर्यमूल्यात रूपांतर केले. ‘उत्स्फूर्त’, ‘नैसर्गिक’, ‘मातीचा गंध’ ही विशेषणे गौरवाची वाटतात. परंतु तीच या कवितेतील चिंतनाला विचार म्हणून वाचण्याची आपली जबाबदारी टाळतात. मनाच्या चंचलतेविषयीची तिची मांडणी काव्यशास्त्राच्या वर्गात येते ती रसास्वादापुरती.

या गौरवात काळजीही नाही. बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोलीच्या जवळची असता तिला सर्रास अहिराणी म्हटले जाते. ग्रिअर्सनने १९०७ साली खानदेशी भिल्ली भाषांसोबत नोंदविली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी स्वतंत्र नोंदली गेली आणि तिचे भाषक सुमारे साडेअठरा लाख भरले. धुळ्याच्या विद्यार्थ्याची अहिराणी, जळगावच्या विद्यार्थ्याची लेवा बोली आणि सातपुड्यातील विद्यार्थ्याची भिल्ली यांना ‘ग्रामीण बोली’ या एकाच पोतडीत कोंबणारा अभ्यास कोणाचा सन्मान करतो?

या दोषात प्रस्तुत लेखकही सहभागी आहे. बहिणाबाईंच्या भाषेच्या सहजतेवर व्याख्यान देऊन परतल्यावर उत्तरपत्रिकांतील त्याच तऱ्हेच्या शब्दरूपांखाली मी अनेक वर्षे लाल रेघा ओढल्या. कवितेत जे अलंकार, ते उत्तरात अशुद्ध!

प्रमाणभाषा ही नोकरीची आणि उच्च शिक्षणाची शिडी आहे. ती काढून घेणे विद्यार्थ्याच्या हिताचे नाही, हा आक्षेप योग्यच आहे. परंतु चिकानो विद्यार्थ्यांची मागणीही शिडी काढण्याची नव्हती. प्रमाणभाषा शिकवावीच, मात्र बोलीतून मांडलेल्या विचाराचे मोल भाषेच्या चुकांत बुडवू नये.

वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चाच. शहाद्याच्या श्रमिक चळवळीत वावरलेल्या या भिल्ल कवीला आपण आदिवासी साहित्याच्या प्रकरणात जागा दिली. प्रतिनिधित्वाविषयी त्यांच्या कवितेने उभा केलेला पेच मात्र समीक्षासिद्धांताच्या अभ्यासपत्रिकेत घेतला नाही. अॅरिझोनात २०१० साली कायदा करून टुसानच्या शाळांतील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद पाडावा लागला. २०१७ मध्ये न्यायालयाने ती कृती घटनाबाह्य ठरविली. तिथे निदान बंद पाडण्याजोगे काही वर्गात आले होते. आपल्याला कायद्याचीही गरज पडली नाही. लाल रेघ पुरेशी ठरली.