पाच यार्ड मागे

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला विचार करायला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. समोरून धिप्पाड गडी अंगावर येत असतात. तेवढ्यात कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि चेंडू फेकायचा. स्टीव्ह स्परियरची कारकीर्द याच सेकंदांभोवती फिरते.

१९६६. फ्लोरिडा विद्यापीठ विरुद्ध ऑबर्न. २७-२७ बरोबरी, खेळ संपायला दोनेक मिनिटं. चाळीस यार्डांवरून किक मारायला संघात ठरलेला खेळाडू होता, पण क्वार्टरबॅक स्परियर म्हणाला, मी मारतो. मारली, आणि सामना ३०-२७ असा खिशात! कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी त्याची झाली. ती त्याने विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या हाती सोपवली, हे मला त्या किकइतकंच लोभस वाटतं.

व्यावसायिक खेळात मात्र ती चमक टिकली नाही. १९७६ साली टॅम्पा बेच्या नव्या संघाकडून तो खेळला. संघ चौदाच्या चौदा सामने हरला. आपली फळी कोलमडली की क्वार्टरबॅकचं काय होतं, हे त्याने अंगावर झेललं.

१९९० मध्ये तो प्रशिक्षक म्हणून फ्लोरिडाला परतला. चेंडू घेऊन धडका देत पुढे सरकायच्या त्या मुलखात त्याने बेधडक फेकीचा खेळ रुजवला. पण रसिकाने थांबून पाहावं ते १९९६च्या हंगामाच्या अखेरीस. फ्लोरिडा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाने फ्लोरिडाला २४-२१ असं हरवलं, आणि डॅनी वर्फेल हा स्परियरचा क्वार्टरबॅक पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटला गेला. महिनाभराने, राष्ट्रीय विजेतेपद ठरवणाऱ्या शुगर बोल सामन्यात, पुन्हा तोच प्रतिस्पर्धी. स्परियर आपल्या पद्धतीबद्दल हट्टी माणूस. त्याचा क्वार्टरबॅक चेंडू देणाऱ्या गड्याच्या अगदी पाठीशी उभा राहायचा. या वेळी त्याने वर्फेलला पाचेक यार्ड मागे उभं केलं. बदल एवढाच, पण त्या अंतराने पोराला एक श्वास जास्त मिळाला. समोरचं मैदान दिसू लागलं, मोकळे गडी दिसू लागले. या निर्णयात मला डावपेचांइतकाच टॅम्पातला मार खाल्लेला खेळाडू दिसतो.

वर्फेलने ३०६ यार्डांच्या फेकी केल्या. फ्लोरिडा ५२-२० ने जिंकलं. विद्यापीठाचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.